पॅड मांडीवर, नजर वाटीवर: गुडघा बदलल्यानंतरच्या स्टिम्युलेशनचं एक प्रकरण

बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या बाजूच्या एका गावातल्या ६४ वर्षांच्या शेतकरी बाई. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मी घरी जाऊन काम करणारी फिजिओ. त्यांना काकू म्हणत असे, इथेही तेच म्हणते. भाताची रोपलावण आणि रताळ्यांची काढणी यांत उभा जन्म वाकून गेलेला. दोन्ही गुडघ्यांची झीज, त्यात डावा जास्त. मळणी उरकल्यावर डिसेंबरात शहरातल्या एका रुग्णालयात त्यांनी डावा गुडघा बदलून घेतला. टाके निघाले, जखम सुकली, वॉकर घेऊन सोप्यातून परसापर्यंत जाणं सुरू झालं. तिसरा आठवडा संपत आला तरी एक गोष्ट काही जमेना. खाटेवर पाय सरळ ठेवून टाच वर उचलायला सांगितलं की टाच उचलली जायची, पण गुडघा वाकलेलाच राहायचा. हातानं सरळ केला तर तो जवळजवळ पूर्ण सरळ होत होता. म्हणजे सांधा अडत नव्हता, मांडी ओढत नव्हती. गोनिओमीटरवर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीवर, हा फरक २० अंश आला. आम्ही याला ‘लॅग’ म्हणतो.

रुग्णालयातून घरी सोडताना मसल स्टिम्युलेटर, म्हणजे त्वचेवरच्या पॅडमधून करंट देऊन स्नायू हलवणारं यंत्र, भाड्यानं घ्यायला सांगितलं होतं. मुलानं ते आणलं, घरच्यांनी दाखवल्याप्रमाणे पॅड लावले, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चालवलं. मला बोलावणं आलं ते वेगळ्याच कारणानं. मुलाचं म्हणणं, “मॅडम, मशीन खराब दिसतंय. नुसतं टोचतंय, पाय काय उचलंना.”

यंत्र आधी, मग माणूस

यंत्र बॅटरीवर चालणारं, दोन चॅनेलचं, नेहमीचं. अशा यंत्रांत बहुधा दोन प्रकार एकाच डबीत असतात. एक टेन्स, म्हणजे दुखणं दबावं म्हणून त्वचेखालच्या संवेदी चेतांना (नर्व्हना) झिणझिण्या देणारा. दुसरा स्नायू आकुंचन पावावा म्हणून दिलेला करंट, ज्यात काही सेकंद करंट आणि मग विश्रांती अशी आवर्तनं असतात. घरोघरी पहिल्याच ठिकाणी गाडी अडते. यंत्र टेन्सवर असतं आणि घरातले मांडी उडायची वाट बघत बसतात. इथे तसं नव्हतं. स्नायूचाच कार्यक्रम लावलेला होता, ५० हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ५० ठोके, आणि एकेक ठोका, म्हणजे पल्स, २५० मायक्रोसेकंदांचा. मी पॅड स्वतःच्या हाताला लावून पाहिले, बोटं व्यवस्थित मिटली. यंत्र ठणठणीत होतं.

मग काकूंची तपासणी. पोटरी मऊ, दाबल्यावर दुखत नाही, एकाच पायाला अचानक सूज किंवा गरमी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शिरेत गुठळी होण्याची शक्यता असते आणि तशी शंका असेल तर त्या पायाला करंट लावायचा नाही, म्हणून हे पहिलं. पेसमेकर नाही. साखरेची गोळी चालू, त्यामुळे कापूस आणि बोथट टोक घेऊन मांडीची संवेदना नीट तपासली. मांडीवर सगळीकडे कळत होतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या खालच्या भागात मात्र तळहाताएवढा बधिर पट्टा होता. मधल्या उभ्या छेदात त्वचेकडे जाणारी एक बारीक चेता बहुतेकदा कापली जाते, त्यामुळे हा पट्टा या ऑपरेशननंतर पुष्कळांना असतो. काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं आत काही राहून गेलंय. बधिर जागेवर पॅड ठेवायचा नाही, कारण तिथे भाजत असलं तरी रुग्णाला कळत नाही.

“आत लोखंड घातलंय, त्याला शॉक बसंल की,” ही शंका शेजारणीची. आत धातू असेल तर शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देत नाहीत, कारण धातू तापतो. ही गोष्ट लोकांच्या कानावर आलेली असते आणि तीच सगळ्या यंत्रांना चिकटते. अशा छोट्या, दोन्ही दिशांना वाहणाऱ्या पल्सच्या करंटला आतल्या कृत्रिम सांध्याची आडकाठी नाही.

पॅड कुठे होते

मुलाला म्हटलं, रोज लावता तसेच लावून दाखवा. त्यानं पॅड सुनेच्या हातात दिले आणि स्वतः बाहेर गेला. इथेच मला अर्धं उत्तर मिळालं.

सुनेनं काकूंचं लुगडं आणि परकर गुडघ्यापासून जेमतेम वीतभर वर सारला. त्या वीतभर जागेत दोन्ही पॅड बसवले. ५ बाय ५ सेंटिमीटरचे चौकोनी पॅड, एक गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला व्रणाला जवळजवळ चिकटून, दुसरा त्याच्या वर तीन बोटांवर आणि आणखी आतल्या अंगाला. करंट वाढवला. यंत्रावरचा आकडा २८ वर गेला तेव्हा काकूंनी दात ओठ खाल्ले. मांडी हलली, पण आतल्या बाजूला. डावा पाय उजव्याकडे ओढला गेला. वाटी जिथे होती तिथेच.

“आत ओढूलालंय बघ,” काकू म्हणाल्या, “वर कुठं चढूलालंय?”

माझ्या तपासणीच्या वहीत इतकं नेमकं वाक्य मी लिहिलं नसतं.

मांडीच्या पुढच्या भागात चार डोक्यांचा क्वाड्रिसेप्स स्नायू असतो. मधोमध वरून खाली येणारा रेक्टस फिमोरिस, बाहेरच्या बाजूचा व्हास्टस लॅटरॅलिस, आतल्या बाजूला खाली फुगीर दिसणारा व्हास्टस मेडियालिस आणि रेक्टसच्या खाली दडलेला व्हास्टस इंटरमीडियस. चौघे मिळून वाटीला धरतात आणि वाटीच्या खालच्या बंधातून नडगीचं हाड ओढतात. म्हणून गुडघा सरळ होतो. चौघांनाही फिमोरल चेतेच्या फांद्या जातात. यांच्या आतल्या बाजूला लागूनच पाय आत ओढणारे अ‍ॅडक्टर स्नायू आहेत, त्यांची चेता वेगळी. शिवाय कमरेच्या पुढच्या हाडापासून तिरका खाली गुडघ्याच्या आतल्या बाजूला येणारा सार्टोरियसचा पट्टा मध्ये पडतो. काकूंचा वरचा पॅड नेमका या आतल्या मुलखात होता.

दुसरी अडचण अंतराची. बाहेरून दिलेला करंट स्नायूच्या तंतूंना थेट हलवत नाही. तो आधी चेतेला चाळवतो, चेता स्नायूला. चेता जिथे स्नायूत शिरते आणि फांद्या फुटतात, त्या जागेवरच्या त्वचेतून सगळ्यात कमी करंटमध्ये स्नायू हलतो. हाच मोटर पॉइंट. दोन पॅड फार जवळ असले की करंट आत न उतरता, उतारावरच्या वळवाच्या पाण्यासारखा, वरच्यावर निघून जातो. त्वचेतल्या वेदनेच्या तंतूंना त्याचा सगळा मार बसतो आणि खोलवरच्या चेतेपर्यंत फारसं काही पोचत नाही. पॅड लहान असेल तर तेवढाच करंट कमी जागेतून जातो आणि टोचणं वाढतं. आकडा वाढवला की टोचणं आणखी वाढतं. घरातल्यांनी मात्र आकडा म्हणजे प्रगती असं धरलं होतं. “काल २५ सोसलं, आज २८,” असं मुलगा अभिमानानं सांगत होता.

तिसरी गोष्ट तेलाची. जानेवारीतली कोरडी थंडी, अंग उलतं, म्हणून काकू रोज आंघोळीनंतर पायाला खोबरेल चोळत. तेलावर जेलचा पॅड नीट चिकटत नाही. कडा सुटतात आणि जिथे चिकटलेला असतो त्या ठिपक्यांतून सगळा करंट जातो.

आता प्रश्न असा की पॅड इतके खाली का आले? रुग्णालयात दाखवणाऱ्यानं चूक दाखवलं असेल असं मला वाटत नाही. यंत्राच्या डबीतल्या कागदावर चित्र होतं, एक पॅड मांडीच्या वर, एक खाली. पण त्या चित्रातल्या पायावर लुगडं नव्हतं. मुलाला दाखवलं गेलं ते परकरावरून बोट ठेवून, ‘इथे कुठेतरी’ असं. घरी आल्यावर मुलानं बायकोला सांगितलं, तेही असंच हवेत बोट फिरवून. सुनेनं सासूचा परकर जेवढा वर सारणं तिला बरं वाटलं तेवढाच सारला. जागा ठरली ती मर्यादेनं. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. आमच्या भागात घरी जाऊन काम करणाऱ्या कुणाही फिजिओला हे माहीत आहे, पण केस लिहिताना ते वगळलं जातं आणि ‘रुग्णानं सूचनांचं पालन केलं नाही’ एवढंच उरतं.

जागा शोधणं

मुलगा बाहेरच होता. दार लोटलं, सुनेला जवळ बसवलं. काकूंचा एक जुना परकर घेतला आणि डाव्या बाजूची शिवण कमरेपासून गुडघ्यापर्यंत उसवली, मध्ये दोन ठिकाणी नाड्या लावल्या. आता परकर वर सारायची गरजच नव्हती. बाजूनं नाडी सोडली की मांडीची बाहेरची आणि पुढची बाजू मोकळी होई, बाकी सगळं झाकलेलं. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात परिणामकारक ठरलेलं साधन ही उसवलेली शिवण आहे.

साबणाच्या पाण्यानं तेल पुसलं, कोरडं केलं. केस दाट असते तर कात्रीनं बारीक केले असते. वस्तऱ्यानं काढायचे नाहीत, बारीक चिरा पडतात आणि तिथे करंट झोंबतो.

मोठा पॅड मांडीच्या वरच्या भागात ठेवला आणि पेनासारखा टोकाचा इलेक्ट्रोड हातात घेतला. सेकंदाला दोन ठोके इतका मंद करंट. पेनाला ऋण टोक जोडलं, कारण ऋण टोकाखाली चेता लवकर जागी होते. मग वाटीच्या वर, आतल्या बाजूच्या फुगवट्यावर पेन हळूहळू सरकवत गेले. एका जागी व्हास्टस मेडियालिस टकटक उडायला लागला. करंट कमी केला, पेन अर्धं बोट हलवलं, पुन्हा उडाला. जिथे सगळ्यात कमी करंटला उडतो ती जागा. काकूंच्या बाबतीत ती वाटीच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापासून साधारण चार बोटं वर आणि आत होती, काकूंच्याच बोटांनी मोजलेली.

या टकटकीतून आणखी एक गोष्ट कळली. चेताच मेली असती तर २५० मायक्रोसेकंदांच्या एवढ्याशा पल्सला स्नायूनं दाद दिली नसती. चेता तुटलेल्या स्नायूला त्याच्या कित्येक पट लांब पल्स लागतो. म्हणजे फिमोरल चेता शाबूत होती. मग काकूंची मांडी का ओढत नव्हती? ऑपरेशननंतर सुजलेल्या, दुखावलेल्या सांध्यातून मणक्याकडे जाणारे संदेश क्वाड्रिसेप्सच्या चेतापेशींना दाबून ठेवतात. माणूस मनापासून जोर लावतो, पण हुकूम पुरा पोचत नाही. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक घटलेली आढळते, आणि त्यात स्नायू बारीक होण्यापेक्षा या दाबलेपणाचा वाटा मोठा असतो. बाहेरचा करंट मांडीतल्या चेतेलाच चाळवतो, म्हणजे मणक्यातला तो अडथळा टाळून पुढे जातो. स्टिम्युलेशनचा सगळा युक्तिवाद एवढाच आहे. त्यामुळे पॅड जर त्या चेतेपर्यंत पोचत नसेल तर युक्तिवाद कितीही बरोबर असला तरी उपयोग शून्य.

मोटर पॉइंटची ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या दुशेन यांनी १८५५ साली स्थानिक विद्युतीकरणावरचा आपला ग्रंथ काढला, त्यात ठरावीक जागांवरून ठरावीक स्नायू हलवता येतात हे दाखवलं होतं. जर्मनीच्या झीमसन यांनी १८५७ मध्ये या जागा म्हणजे चेता स्नायूत शिरण्याच्या जागा आहेत हे मांडलं. तेव्हापासून क्लिनिकच्या भिंतीवर ठिपके मारलेल्या माणसाचं चित्र लटकतं आहे. चित्र उपयोगी आहे, मोहल्ला कळतो. घर मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि सुजलेल्या, चरबी असलेल्या, ऑपरेशन झालेल्या मांडीवर तर हमखास.

वरच्या पॅडसाठी मी पेन वापरलं नाही. तिथे मोठा पॅड घालायचा होता आणि मोठ्या पॅडला तेवढी चूकभूल चालते. कमरेच्या पुढचं टोकदार हाड आणि वाटीचा बाहेरचा वरचा कोपरा यांना जोडणारी रेघ मनात धरायची. तिच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, किंचित बाहेरच्या अंगाला, जांघेच्या वळीपासून चार बोटं खाली पॅडची वरची कड. आत सरकला तर पुन्हा सार्टोरियस आणि अ‍ॅडक्टर. फार बाहेर आणि वर गेला तर मांडीच्या बाजूचा टेन्सर फेशिया लॅटा खेचतो आणि पाऊल आत वळतं. सुनेला मी नावं सांगितली नाहीत. पाय आत आला तर पॅड आत आहे, पाऊल वळलं तर पॅड बाहेर आहे, एवढंच सांगितलं.

पॅड बदलले, ५ बाय ९ सेंटिमीटरचे लांबट घेतले. एक वर-बाहेर, एक खाली-आत, मांडीवर तिरपे. गुडघा बदललेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ६६ जणांचा एक चांगला अभ्यास आहे. त्यातही पॅड असेच तिरपे होते, ऑपरेशननंतर ४८ तासांत सुरुवात, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. त्या रुग्णांची मांडीची ताकद आणि चालणं नुसत्या व्यायामाच्या गटापेक्षा सुधारलं होतं. काकूंना आम्ही तीन आठवडे उशिरा सुरुवात करत होतो, हे मुलाला आधीच सांगून टाकलं.

करंट हळूहळू वाढवला. आधी मुंग्या, मग ओढ, मग मांडीचा पुढचा भाग दगडासारखा झाला आणि वाटी वर चढली. पण जरा बाहेरच्या बाजूला झुकून. म्हणजे बाहेरचा व्हास्टस जास्त खेचतो आहे. खालचा पॅड बोटभर खाली आणि आत घेतला. पुन्हा चालू केलं. या वेळी वाटी सरळ वर गेली, तिच्या खालचा बंध दोरीसारखा ताणला आणि टाच खाटेवरून सुटली.

“अगं बाई!” सून म्हणाली. ती वाटीकडे बघत होती, यंत्राकडे नाही. मला हेच हवं होतं.

आकडा ४५ झाला होता. २८ ला रडकुंडीला आलेल्या काकू ४५ ला म्हणाल्या, “जोर लागतोय, पण टोचंना.” पॅडचं माप आणि जागा बदलल्यावर आधीचा आकडा आणि आताचा आकडा यांची तुलनाच होत नाही. मुलाला आत बोलावून हे समजावलं. त्याला ते पटायला वेळ लागला.

दोन चॅनेल वापरून चार पॅड लावावेत का, हा विचार केला होता. क्लिनिकमध्ये मी बहुधा तसंच करते, आतला आणि बाहेरचा व्हास्टस वेगवेगळा सांभाळता येतो, वाटीची चाल हवी तशी जुळवता येते. पण घरी चार पॅड म्हणजे चुकायच्या चार जागा. एक जोडी, दोन खुणा, एवढ्यावर थांबले. नुसत्या आतल्या व्हास्टसला वेगळं काढून बळकट करायचा आग्रह काही जण धरतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. काकूंना अख्खी मांडी हवी होती.

मात्रा

दहा सेकंद आकुंचन, त्यातली पहिली दोन करंट चढण्यासाठी, मग पन्नास सेकंद विश्रांती. एका वेळी पंधरा आकुंचनं, सकाळ-संध्याकाळ. विश्रांती इतकी मोठी कशाला, असं मुलानं विचारलं, वेळ वाया जातो म्हणून. स्वतःच्या इच्छेनं जोर लावताना स्नायूचे तंतू आळीपाळीनं कामाला येतात. यंत्र मात्र दर वेळी त्याच त्या तंतूंना हाक मारतं, ते लवकर थकतात. विश्रांती कापली तर पाचव्या-सहाव्या आकुंचनानंतर नुसता करंट जात राहतो, ओढ उरत नाही.

दर आकुंचनाबरोबर काकूंनी स्वतःही गुडघा सरळ करायचा जोर लावायचा, ही अट. यंत्र लावून टीव्ही बघत बसलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

जागा शोधली ती पाय सरळ ठेवून, कारण तशी वाटी दिसते. पण जोर चांगला लागतो तो गुडघा साधारण ६० अंश वाकलेला असताना, नडगी हलू न देता. सरळ पायात जोरदार करंट दिला की पेटका आल्यासारखं वाटतं. काकूंचा गुडघा ८५ अंशांपर्यंत वाकत होता, त्यामुळे खुर्चीवर बसवून घोट्याजवळ टॉवेलची घडी ठेवली आणि पाय खुर्चीच्या पायाला जुन्या ओढणीनं बांधला. यात एक मेख आहे. गुडघा वाकला की मांडीवरची त्वचा खाली सरकते, स्नायू मात्र आपल्या हिशोबानं लांबतो. झोपून केलेली खूण बसल्यावर मोटर पॉइंटवरच राहील असं नाही. म्हणून बसवल्यावर पुन्हा एकदा पाहिलं. वरचा पॅड ठीक होता. खालचा थोडा वर घ्यावा लागला. अंतिम खुणा बसलेल्या स्थितीतल्याच केल्या.

मेंदी

खुणा पेनानं केल्या तर आंघोळीत जातात. “बिब्ब्यानं कर की,” काकूंच्या जाऊबाईंनी सुचवलं, परीट कपड्यांवर करायचे तशी. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड येतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण टिकाऊपणात त्याला तोड नाही हा त्यांचा मुद्दा. शेवटी परसातल्या मेंदीचा पाला वाटून सुनेनं दोन्ही पॅडचे चारही कोपरे रंगवले. बाजारातला काळा कोन घेऊ दिला नाही, त्यातल्या रंगानं पुरळ उठतं. पाल्याची मेंदी आठवडाभर नीट दिसत होती, फिकट झाली की सून पुन्हा लावी.

पुढे फोनवर विचारायचं सोपं झालं. सासूच्या मांडीचा फोटो काढून पाठवणं तिला नको होतं, आणि मलाही ते मागायचं नव्हतं. मी दोनच प्रश्न विचारी, वाटी चढते का, आणि सरळ चढते का. एकदा ती म्हणाली, “चढते, पण उशिरा चढते, आणि वरच्या पॅडखाली लाल होतंय.” जाऊन पाहिलं तर जागा बरोबर होती. वरचा पॅड वाळला होता, कडा वर वळल्या होत्या, पाण्याचा हात लावूनही जेल परत ओलसर होईना. नवा पॅड घेतला. लाली एक दिवस विश्रांती दिल्यावर गेली. पॅड हा वापरून संपणारा माल आहे, यंत्राबरोबर आलेला जोड शेवटपर्यंत पुरेल असं घरच्यांना वाटतं.

दुसरी अडचण गल्लीची. घरात यंत्र आलं की ते एका घराचं राहत नाही. समोरच्या घरातल्या आजोबांना गुडघ्याला लावून बघायचं होतं. चौकशी केली तर त्यांच्या छातीत पेसमेकर. नाही म्हणून सांगितलं आणि का, तेही सांगितलं, कारण नुसत्या नकारानं मी पाठ फिरवल्यावर यंत्र समोरच्या घरात गेलं असतं.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्यात लॅग २० वरून १५ वर. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी काकू यंत्र नसताना वाटी वर खेचू शकत होत्या, लहानशी पण स्पष्ट. ऑपरेशनपासून आठ आठवडे झाले तेव्हा लॅग ५ अंशांच्या आत आला. खुर्चीवरून हात न टेकता उठणं जमायला लागलं. ओट्याची एक पायरी डाव्या पायावर चढणं त्यानंतर आलं, उतरणं आणखी नंतर.

हे सगळं पॅडनं केलं असं म्हणायला मी तयार नाही. याच काळात सूज उतरत होती. दिवसातून तीनदा व्यायाम चालू होते. वेदना कमी होऊन झोप लागायला लागली होती. एका रुग्णावरून करंटचा वाटा वेगळा काढता येत नाही. दिसलं एवढंच की चुकीच्या जागी लावलेल्या आठवड्यात लॅग हलला नाही आणि वाटी चढायला लागली त्या आठवड्यात हलला. काळाचा योगायोग असू शकतो, पण मांडीचं आकुंचन डोळ्यांसमोर झालं होतं, तो योगायोग नव्हता.

लॅग गेल्यावर यंत्र बंद केलं. मुलाला ते आणखी महिनाभर ठेवायचं होतं, भाडं भरायची तयारी होती. पण आपल्या जोरानं मांडी पुरेशी ओढायला लागली की करंटचा फायदा झपाट्यानं कमी होतो. त्या वेळात पायरी चढ-उतर केलेली बरी. काकूंनीही कौल दिला, “नको आता त्ये. मी आपली पायरी चढतो.”

उजवा गुडघा पुढच्या सुगीनंतर करायचं ठरतंय. त्या वेळी मोटर पॉइंट ऑपरेशनच्या आधीच शोधायचे, मांडीला सूज नसताना आणि काकूंना दुखत नसताना, आणि सुनेला आधीच वाटी वाचायला बसवायचं, असं आमचं बोलणं झालं आहे. सर्जननाही ते मान्य आहे, फक्त खुणा व्रणाच्या जागेपासून लांब असाव्यात आणि ऑपरेशनच्या दिवशी मांडीवर मेंदी नसावी एवढं त्यांनी बजावलं. म्हणून मापं वहीत लिहून ठेवायची, काकूंच्या बोटांत. परकर सुनेनं आत्ताच उजव्या बाजूनं उसवून ठेवलाय.